निंदणी: शेतातली आणि संगणकातली

सरकारी दप्तरात एक शब्द आहे, अभिलेख निंदणीकरण. जुने गठ्ठे सोडायचे, मुदत संपलेले कागद वेगळे काढायचे आणि ते रीतसर नष्ट करायचे, या कामाला कचेऱ्यांमध्ये हे नाव आहे. हा शब्द लिपिक इतक्या सवयीने वापरतो की तो शेतातून आला आहे, हे त्याच्याही ध्यानात राहत नाही. आमच्या परभणी जिल्ह्यात आषाढ-श्रावणात सोयाबीनच्या ओळींत बसून बाया खुरप्याने तण काढतात, तीच ही निंदणी. हा शब्द ज्याने पहिल्यांदा कागदांना लावला, त्याला दोन्ही कामे ठाऊक असणार. घरातला केर कोणीही ओळखतो. पंधरा-वीस दिवसांच्या पिकात मात्र तण आणि पीक सारखेच हिरवे दिसते, आणि कुठले रोप उपटायचे हे हाताला आधी कळावे लागते. म्हणूनच निंदणीला जाणती बाई लागते.

संगणकातल्या नको असलेल्या फाइली आणि फोल्डर काढणे हे तंतोतंत या जातीचे काम आहे. डिलीटचे बटण दाबायला शिकवावे लागत नाही. काय काढावे, काढल्यावर ते खरेच जाते का, आणि चुकून पीक उपटले गेले तर काय करावे, हे मात्र एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र भिंतीवर लावलेल्या माणसालाही पुष्कळदा सांगता येत नाही.

माझ्या ओळखीचा एक मुलगा ऑनलाइन सेंटर चालवतो. जुलै संपत आला होता, पीकविम्याची शेवटची तारीख जवळ आली होती आणि सेंटरसमोर रांग होती. त्याचा फोन आला, "सर, सी ड्राइव्ह लाल झालाय. स्कॅन केलेलं सेव्हच होईना. काय काय उडवू?" मी म्हटलं, "आत्ता कशालाच हात लावू नको. रीसायकल बिनमध्ये काय आहे ते पाहा, आपल्या कामाचं काही नसेल तर तेवढंच रिकामं कर, आणि रांग संपली की बोलू." बिनमध्ये बावीस जीबी निघाले. रांग पुढे सरकली. रात्री मी त्याच्या सेंटरवर गेलो आणि आम्ही दोघांनी मिळून तो डेस्कटॉप निंदायला घेतला.

एवढा पसारा होतो कसा, हे आधी पाहू. २०२३ च्या खरिपापासून राज्यात एक रुपयात पीकविमा होता, २०२५ च्या खरिपाला तो बंद झाला. मधल्या काळात २०२४ च्या जुलैत लाडकी बहीण योजनेचे अर्ज आले. यांतल्या पुष्कळ अर्जांचे कागद गावोगावच्या सेंटरांतून गेले. एका शेतकऱ्याचे आधार, सातबारा, बँकेचे पासबुक आणि पीकपेऱ्याचे स्वयंघोषणापत्र असे चार कागद धरा. ए-फोर आकाराचा कागद इंचाला तीनशे ठिपक्यांनी रंगीत स्कॅन केला की सुमारे ८७ लाख ठिपके होतात, म्हणजे दाबून लहान न करता ठेवला तर तब्बल २६ एमबी. जेपीजीत तो एखाद्या एमबीवर येतो. पोर्टलला मात्र काही केबींची फाइल हवी असते. मग मूळ स्कॅन, कडा कापलेली प्रत आणि कॉम्प्रेस केलेली प्रत अशा एकाच कागदाच्या तीन फाइली होतात. चार कागदांच्या बारा. दिवसाला शंभर माणसे आली तर बाराशे. त्यांतली पोर्टलवर चढते ती एक-तृतीयांश. बाकीच्या आठशे फाइली 'न्यू फोल्डर', 'न्यू फोल्डर (२)', 'न्यू फोल्डर (३)' अशा नावांखाली डेस्कटॉपवर साचत जातात.

फ्लेक्सच्या दुकानात तर याहून मोठे डोंगर असतात. वाढदिवसाचा दहा बाय वीस फुटांचा फलक इंचाला ७२ ठिपक्यांनी केला तरी जवळपास १५ कोटी ठिपके होतात. छपाईच्या चार रंगांच्या हिशेबाने कच्ची फाइल सहाशे एमबीच्या घरात जाते. त्यावर कोरलड्रॉ हा प्रोग्रॅम प्रत्येक चित्राची 'बॅकअप ऑफ' अशा नावाची आणखी एक फाइल शेजारी करून ठेवतो. मालकाला वाटते की ती आपल्याच मुलाने केली आहे. लाइट गेली आणि फोटोशॉप अर्ध्यात बंद पडले की त्याची तात्पुरती फाइलही ड्राइव्हवर तशीच पडून राहते. कोणी पाहिलेच नाही तर ती महिनोन् महिने तिथेच असते.

डेस्कटॉपबद्दल एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. पडद्यावर दिसणारा हा भाग म्हणजे हवेतली जागा नाही. सी ड्राइव्हमधले ते एक साधे फोल्डर आहे. तिथे ठेवलेली प्रत्येक गोष्ट सी ड्राइव्हच भरते, आणि दुरुस्तीवाल्याने विंडोज नव्याने टाकताना सी ड्राइव्ह फॉरमॅट केला की सगळ्यांत आधी तीच जाते. याच्या उलट चूकही होते. पडद्यावरचे प्रोग्रॅमचे चिन्ह डिलीट केले म्हणजे प्रोग्रॅम काढला असे समजणारे भेटतात. कोपऱ्यात छोटा बाण असलेले ते चिन्ह म्हणजे शॉर्टकट, निव्वळ वाट दाखवणारी पाटी. पाटी काढली म्हणून गाव हलत नाही. प्रोग्रॅम काढायचा तर सेटिंग्जमध्ये जाऊन अनइन्स्टॉल करावा लागतो.

आता डिलीट दाबल्यावर आत काय घडते, ते पाहू. या लेखातला माझ्या आवडीचा भाग हा आहे.

विंडोजमध्ये रीसायकल बिन आले १९९५ साली, विंडोज ९५ बरोबर. ॲपलच्या लिसा आणि मॅकिन्टॉश या संगणकांवर टाकाऊ फाइलींची टोपली त्याआधीच, ऐंशीच्या दशकात, आली होती. साधा डिलीट केला की फाइल या बिनमध्ये 'जाते' असे आपण म्हणतो, प्रत्यक्षात ती जागची हलतही नाही. प्रत्येक ड्राइव्हवर बिनचे एक लपवलेले फोल्डर असते. विंडोज फाइलचा पत्ता बदलून त्या फोल्डरच्या नावावर करते आणि शेजारी एक छोटी चिठ्ठी ठेवते: मूळ नाव काय होते, कुठल्या फोल्डरात होती, कधी काढली. 'रीस्टोर' म्हटले की ही चिठ्ठी वाचून फाइल परत जागेवर लागते. मजकूर आहे तिथेच राहतो, म्हणून डिलीट करूनही ड्राइव्हची जागा एका केबीने वाढत नाही. "एवढं उडवलं तरी लाल पट्टी जाईना" या तक्रारीचे उत्तर हेच. बिन रिकामे केल्यावरच जागा मोकळी होते.

मग बिन रिकामे केल्यावर किंवा शिफ्ट दाबून डिलीट केल्यावर तरी फाइल पुसली जाते का? नाही. आताच्या विंडोज संगणकांचे ड्राइव्ह बहुधा एनटीएफएस पद्धतीचे असतात. त्यात प्रत्येक फाइलची नोंद असलेली एक मोठी वही असते, एका फाइलला साधारण एक केबीची नोंद. तिच्यात नाव, तारखा आणि मजकूर ड्राइव्हच्या कुठल्या कुठल्या तुकड्यांत ठेवला आहे त्याचा ठावठिकाणा असतो. तुकडा सहसा चार केबींचा. फाइल कायमची काढली की विंडोज दोन कामे करते: त्या नोंदीवर 'ही आता वापरात नाही' अशी खूण करते आणि ते तुकडे मोकळे असल्याचे दुसऱ्या एका तक्त्यात लिहिते. मजकुराला हातही लावत नाही. दोन जीबीची फाइल क्षणात डिलीट होते आणि तीच पेनड्राइव्हवर कॉपी करायला मिनिटे लागतात, याचे कारण हे. पुसायचे ठरवले असते तर लिहिण्याइतकाच वेळ लागला असता.

काळ्या जमिनीतला कुंदा ज्याने काढला आहे, त्याला हे लगेच पटेल. कुंदा, हराळी, लव्हाळा ही तणे वरून कापली की रान स्वच्छ दिसते, पण जमिनीखाली मुळ्या-गाठी जिवंत असतात. डिलीट म्हणजे खुरप्याने वरून कापणे. खाली सगळे शाबूत असते. फरक एकच, फाइलीची मुळे आपणहून फुटत नाहीत. त्या मोकळ्या तुकड्यांवर नवीन काही लिहिले गेले की ती कायमची मरतात, आणि ते कधी लिहिले जाईल याचा नेम नसतो. तासाभरातही होईल, तीन वर्षे होणारही नाही.

या एका गोष्टीतून दोन उलट शहाणपणे निघतात. चुकून काढलेली फाइल परत हवी असेल तर संगणक वापरणे त्याच क्षणी थांबवायचे. नवीन स्कॅन, डाउनलोड, सिनेमा काही नको. फाइल परत आणणारे सॉफ्टवेअरसुद्धा त्याच ड्राइव्हवर उतरवून घ्यायचे नाही, नाहीतर जी फाइल शोधायची तिच्याच डोक्यावर ते येऊन बसेल. ड्राइव्ह दुसऱ्या संगणकाला जोडून शोधणे सर्वांत चांगले. त्याआधी कंट्रोल-झेड दाबून आणि बिन उघडून पाहायला विसरू नका. घाबरलेला माणूस सोपे उपाय सोडून थेट अवघडाकडे धावतो. दुसरे शहाणपण इतरांच्या कागदांबद्दलचे आहे, त्याकडे शेवटी येतो.

पेनड्राइव्हचे मात्र वेगळे आहे. त्यावरून डिलीट केलेली फाइल रीसायकल बिनमध्ये जात नाही, थेट जाते. झेरॉक्सच्या दुकानात गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह लावून त्यातले 'नको ते' काढायला गेलेल्या पोरांनी हा फटका खाल्लेला असतो. पेनड्राइव्ह बहुधा फॅट पद्धतीचा असतो. तिथे काढलेल्या फाइलीच्या नोंदीत नावाच्या पहिल्या अक्षराच्या जागी एक खूण पडते. म्हणून परत मिळालेल्या फाइलींच्या यादीत पुष्कळदा पहिले अक्षर हरवलेले दिसते.

पेनड्राइव्हचे आणखी एक दुखणे आपल्याकडे घरोघरी माहीत आहे, शॉर्टकट व्हायरस. कॉलेजातून दुकानात, दुकानातून घरी फिरणाऱ्या पेनड्राइव्हवर एक दिवस सगळी फोल्डरे शॉर्टकट झालेली दिसतात. माणूस वैतागून सगळे निवडतो आणि डिलीट करतो, किंवा पेनड्राइव्हच फॉरमॅट करतो. खरे तर मूळ फोल्डरे तिथेच असतात, व्हायरसने ती फक्त लपवलेली असतात. ओळखायचे कसे? पेनड्राइव्ह रिकामा दिसतो आहे पण भरलेली जागा काही जीबी दाखवते आहे, म्हणजे आत माल आहे. अशा वेळी शॉर्टकट न उघडता आधी अँटिव्हायरस चालवावा, मग व्ह्यू मेनूत लपवलेल्या फाइली दाखवायला सांगावे. त्यानेही काही दिसले नाही तर फोल्डर ऑप्शन्समध्ये जाऊन संरक्षित सिस्टिम फाइलींवरचा पडदा तेवढ्यापुरता काढावा. मूळ फोल्डर समोर आले की ते सुरक्षित जागी कॉपी करायचे, आणि मगच पेनड्राइव्ह फॉरमॅट करायचा.

त्या रात्री सेंटरवर खरा प्रश्न पुढे आला: काय काढायचे? मुलाची पद्धत अशी होती की जागा भरली की सगळ्यांत जुन्या तारखेची फोल्डरे उडवायची. जगातले बहुतेक लोक हेच करतात, आणि माझ्या मते हीच मूळ चूक आहे. जुने म्हणजे निरुपयोगी असे नसते.

हे आपल्या मराठवाड्याइतके कोणी जवळून पाहिले नसेल. २०२३ च्या सप्टेंबरात निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी निजामकालीन दप्तरे उघडली गेली. परभणीसह सगळ्या जिल्ह्यांत उर्दूतले, मोडीतले कागद तपासले गेले, जाणकार शोधून त्यांच्याकडून वाचून घेतले गेले, स्कॅन झाले. दप्तरांच्या ज्या रुमालांवर पिढ्यान् पिढ्या धूळ बसत होती, त्यांतल्या एका ओळीसाठी माणसे कचेरीत खेटे घालू लागली. हे कागद जुने आहेत म्हणून मधल्या काळात कोणी जाळले असते, तर त्या वेळी कुणालाच काही वाटले नसते.

मग कचेऱ्या कागद नष्ट करतच नाहीत का? करतात, आणि त्यांची पद्धत आपल्या डेस्कटॉपसाठी मला फार मोलाची वाटते. महाराष्ट्रात दप्तराचे वर्ग ठरलेले आहेत. 'अ' वर्ग कायम ठेवायचा, 'ब' तीस वर्षे, 'क' पाच किंवा दहा वर्षे, 'ड' साधारण वर्षभर. टेबलावरचे कागद सहा गठ्ठ्यांत लावायची पद्धतही जुनी आहे आणि त्यांत नष्ट करायच्या कागदांची जागा आधीपासूनच ठरलेली असते. यातली मेख अशी की वर्ग ठरतो तो प्रकरण निकाली निघते तेव्हा. गठ्ठा बांधतानाच त्यावर वर्ग लिहिला जातो. त्या वेळी लिपिकाला प्रकरण माहीत असते, त्यात काय आहे आणि ते कुणाला कधी लागेल हे डोक्यात ताजे असते. दहा वर्षांनी खोली भरली म्हणून कपाट उघडणाऱ्या माणसाला काहीच माहीत नसते. २००५ च्या महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियमाने तर ही रीत डावलून अभिलेख नष्ट करणाऱ्याला शिक्षेची तरतूद केली आहे.

संगणकात आपण नेमके उलटे करतो. काम संपते तेव्हा फाइल 'न्यू फोल्डर (३)'मध्ये टाकतो आणि निर्णय घ्यायला बसतो तो ड्राइव्ह लाल झाल्यावर, रांग समोर उभी असताना. म्हणून त्या रात्री आम्ही सर्वांत आधी डी ड्राइव्हवर चार फोल्डरे केली आणि त्यांना अ, ब, क, ड अशीच नावे दिली. 'ड'मध्ये महिन्यांची फोल्डरे. अर्ज पोर्टलवर चढला, पावती गिऱ्हाइकाच्या हातात पडली की त्याचे स्कॅन थेट चालू महिन्याच्या 'ड'मध्ये. तीन महिन्यांनी ते अख्खे फोल्डर जाणार, त्या दिवशी एकही फाइल उघडून पाहायची गरज नाही.

वर्ग ठरवताना मी त्याला दोन प्रश्न विचारायला सांगितले: हे पुन्हा मिळेल का, आणि हे कुणाला दाखवावे लागेल का? डाउनलोड केलेला डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत पुन्हा निघतो, शिवाय जुना उतारा नव्या अर्जाला चालतही नाही. तो 'ड'. शासन निर्णयाची पीडीएफ संकेतस्थळावर आहे, तीही 'ड'. पण एका शेतकऱ्याने मोबाइलवरून पाठवलेला, अर्धा धूसर, पाण्यात बुडालेल्या सोयाबीनचा फोटो होता. नाव म्हणजे नुसते लांबलचक आकडे. मुलगा तो काढणारच होता. तेव्हाच्या नियमाने नुकसान झाल्यापासून ७२ तासांत विमा कंपनीला कळवावे लागत होते, आणि नंतर वाद झाला तर तो फोटो हाच पुरावा. पाणी ओसरल्यावर तसा फोटो पुन्हा काढता येत नाही. तो 'क'मध्ये गेला, आणि त्याच्या नावातल्या आकड्यांच्या जागी गाव, गट नंबर आणि तारीख आली. दिसायला अगदी तणासारखा होता तो.

मानवत-सेलूच्या बाजारात अडत दुकान असणाऱ्यांसाठी एक सांगून ठेवतो. टॅलीच्या डेटा फोल्डरमध्ये पाच-सहा आकड्यांच्या नावाची फोल्डरे दिसतात. ती कुठल्यातरी बिघाडाने तयार झालेली वाटतात, पण एकेक फोल्डर म्हणजे एकेका पेढीचा सगळा हिशेब असतो. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. त्याआधी त्यांना हात लावू नका, आणि एक प्रत संगणकाबाहेर ठेवा.

मराठी माणसाच्या संगणकात आणखी एक गोष्ट जपायला हवी, ती म्हणजे जुने फॉन्ट. युनिकोड रूढ होण्याआधी आपण श्रीलिपी, कृतिदेव, सी-डॅकच्या आयएसएममधले सुरेख अशा फॉन्टांत टाइप करत होतो. त्या फाइलीत खरे तर देवनागरी अक्षरे नसतात, इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असतात. फॉन्ट काढला की फाइल शाबूत राहते आणि मजकूर मात्र निरर्थक चिन्हांचा होतो. शाळेचे जुने अहवाल, वतनाच्या वादाचे अर्ज, गावच्या सप्ताहाच्या पत्रिका अशा कितीतरी गोष्टी या फॉन्टांत अडकल्या आहेत. साफसफाईत फॉन्टांच्या फोल्डरला धक्का लावू नये. शक्य तेव्हा हा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा.

हाताने करायची खुरपणी ही अशी. बाकीचे काम कोळप्याचे, म्हणजे यंत्राने सरसकट करायचे, आणि ते सोपे आहे. विंडोज ९८ पासून डिस्क क्लीनअप आहे, विंडोज १० पासून स्टोरेज सेन्स. टेंपररी फाइली, अपडेटचे उरलेले अवशेष, फाइलींची छोटी चित्रे हे त्यांना खुशाल काढू द्यावे. लाइट गेल्यावर डिस्क तपासणीतून 'फाउंड' नावाची फोल्डरे उगवतात. आपली एखादी फाइल हरवलेली नसेल तर तीही काढायला हरकत नाही. मोठी अपडेट झाल्यावर उरणारे 'विंडोज ओल्ड' हे फोल्डर दहा दिवसांनी विंडोज स्वतःच काढते. 'विंडोज' आणि 'प्रोग्रॅम फाइल्स' या फोल्डरांत शिरून हाताने काहीही काढू नये. 'हायबरफिल' नावाची काही जीबींची फाइल पाहून जीव खालीवर होतो, पण ती संगणक झोपवताना चालू कामाची स्थिती साठवून ठेवते. ती तशी डिलीट होत नाही, हायबरनेट बंद केल्यावर आपोआप जाते. एखादी फाइल 'वापरात आहे' म्हणून निघत नसेल तर ती उघडलेला प्रोग्रॅम बंद करा किंवा संगणक एकदा पुन्हा सुरू करा. जबरदस्ती करणारी फुकट सॉफ्टवेअरे उतरवू नका, त्यांतली कित्येक स्वतःच तण असतात.

यंत्राच्या निंदणीवरही सगळे सोडून चालत नाही. २०१८ च्या ऑक्टोबरात मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची एक मोठी अपडेट सोडली आणि काही दिवसांतच ती थांबवावी लागली. ज्यांनी आपले डॉक्युमेंट्स फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर हलवले होते, त्यांच्या जुन्या जागेवरचे त्याच नावाचे फोल्डर या अपडेटने 'रिकामे, दुबार' समजून काढून टाकले. काहींच्या बाबतीत ते रिकामे नव्हते, लोकांच्या फाइली त्यातच होत्या. जगातल्या सर्वांत मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांपैकी एकीला पीक आणि तण ओळखता आले नाही. म्हणून निंदणीला बसण्याआधी 'अ' आणि 'ब' वर्गाची एक प्रत बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्यायची, आणि ती उघडते का हे दुसऱ्या संगणकावर पाहून घ्यायचे.

आता राहिले दुसऱ्यांचे कागद. माझ्या मनाला सर्वांत लागलेली गोष्ट हीच आहे. त्या सेंटरच्या 'डाउनलोड्स'मध्ये हजारांवर आधार कार्डे होती. जिंतूर, पालम, सोनपेठ तालुक्यांतल्या माणसांची, म्हाताऱ्यांची, विधवांची, शाळकरी पोरांची. सोबत बँकेची पासबुके, अंगठे, सह्या. "मावशी, ओटीपी सांगा" म्हटल्यावर ज्या विश्वासाने मावशीने मोबाइल पुढे केला, त्या विश्वासाचा हा उरलेला साठा. सार्वजनिक संगणकावर ई-आधार उतरवले तर त्याच्या सगळ्या प्रती तिथून कायमच्या काढा, असे आधार प्राधिकरण नागरिकांना सांगत आले आहे. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण अधिनियमाचेही तत्त्व असे आहे की ज्या कामासाठी माहिती घेतली ते संपले, की ती पुसायची. पण मावशीला डाउनलोड्स कुठे असते हे माहीत नाही. ते सेंटरवाल्यालाच करावे लागेल.

आणि इथे वरून कापून भागत नाही. साध्या फिरत्या हार्डडिस्कवरून काढलेले आधार कुणीही फुकट सॉफ्टवेअरने परत काढू शकतो. त्यासाठी मोकळ्या जागेवर नवीन काही लिहून ती भरावी लागते. विंडोजमध्ये 'सायफर' नावाची आज्ञा आहे, ती एनटीएफएस ड्राइव्हच्या मोकळ्या जागेवर तीन फेऱ्यांत निरर्थक आकडे लिहिते. मोठ्या ड्राइव्हला कित्येक तास लागतात, म्हणून रात्री लावून ठेवायची. पस्तीस वेळा पुसले पाहिजे ही समजूत १९९६ च्या एका शोधनिबंधातून पसरली. आजच्या हार्डडिस्कला एक नीट फेरी पुरते असे अमेरिकेच्या मानक संस्थेची मार्गदर्शिका सांगते. एसएसडी असेल तर गोष्ट निराळी. तिथे फाइल काढली की विंडोज ७ पासूनच्या विंडोज 'हे तुकडे आता नकोत' असे एसएसडीला कळवतात आणि ती सवडीने ते खरोखर रिकामे करते. म्हणून एसएसडीवरून चुकून काढलेली फाइल परत मिळण्याची आशा फार थोडी. तीच गोष्ट इतरांच्या कागदांसाठी दिलासा देणारी आहे, तरी संगणक विकताना एसएसडीच्या कंपनीची स्वतःची पुसण्याची सोय वापरावी.

विकण्याचा विषय आता निकडीचा आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि शाळा, दुकाने, सेंटरे यांतले जुने डेस्कटॉप बदलू लागले आहेत. ते भंगारात किलोवर जातात, आतल्या डिस्कसकट. अमेरिकेत एमआयटीच्या दोन संशोधकांनी २००० ते २००२ या काळात १५८ जुन्या हार्डडिस्क विकत घेतल्या. १२९ चालू निघाल्या. त्यांतल्या नीट पुसलेल्या होत्या फक्त १२. बाकीच्यांत लोकांची पत्रे होती, आजारांच्या नोंदी होत्या, क्रेडिट कार्डांचे हजारो क्रमांक होते. आपल्याकडच्या भंगारवाल्याच्या पोत्यात असे काही नसेल, असे म्हणायला मला तरी कुठले कारण दिसत नाही. डबा विका, पण डिस्क काढून घ्या. कॅबिनेटच्या आत चार स्क्रू असतात.

त्या रात्री आम्ही दीड वाजता थांबलो. सी ड्राइव्हची पट्टी निळी झाली होती. सायफर चालू करून पडदा बंद केला. निघताना मुलाला एक वही घ्यायला सांगितली, कारण कचेरीत कागद नष्ट केले तरी काय नष्ट केले याची यादी मागे ठेवावी लागते, आणि उद्या कोणी विचारायला आले तर त्याच्याकडे उत्तर असायला हवे. त्याने विम्याच्या पावतीपुस्तकाचीच मागची पाने उलटी धरली आणि पहिली ओळ लिहिली: "ड, तीन महिन्यांपूर्वीचे, आधार व पासबुक स्कॅन, सर्व. पावत्या दिलेल्या. काढले, सायफर लावले." खाली तारीख घातली आणि सही केली.